गुरुवारचं गिऱ्हाईक

गोरखची बायको नूतन ज्या स्पामध्ये कामाला जाते, तिथं दर गुरुवारी एक पुरुष तोंड बांधून येतो. खोलीचं दार आतून लागतं. तासाभरानं तो बाहेर पडतो तेव्हा त्याची चाल बदललेली असते.

अवसरी बुद्रुकमध्ये ही कुजबूज आधी पारावर झाली, तिथून डेअरीच्या रांगेत गेली, आणि डेअरीतून घराघरांत पोचेपर्यंत तिच्यात बक्कळ पाणी पडलं. कुणी म्हणालं तो पुण्याचा बिल्डर आहे. कुणी म्हणालं बिल्डर कसला, निवृत्त फौजदार. एका बाईनं त्याच्या गळ्यातल्या चेनचं वजनसुद्धा सांगितलं, आणि तिनं त्याला जन्मात पाहिलेला नव्हता. त्या खोलीत तेलाचे डबेच्या डबे रिकामे होतात, हेही सर्वानुमते ठरलं. पलीकडं खोडदला आभाळातलं ऐकायला मोठाल्या तबकड्या उभ्या केल्यात. कशाला एवढा खर्च केला कुणास ठाऊक. अवसरीच्या पारावरची चार म्हातारी माणसं नेऊन बसवली असती तरी भागलं असतं.

त्याची चाल बदलायची, एवढं मात्र खरं. पण ती का बदलायची हे कळायचं तर नूतनच्या जन्मापासून सुरुवात करावी लागते. ती पायाकडून जन्मली.

खोडदच्या सरूबाईची ही धाकटी लेक. डोकं यायचं तिथं आधी पाय आले, आणि सुईणीनं नाळ कापायच्या आधी सांगून टाकलं की पोरगी पायाळू आहे. पायाळू माणसाचा पाय पाठीला लागला की भरलेली उसण उतरते, हे आपल्याकडं शाळेत न गेलेल्यालाही माहीत असतं. पोर चालायला लागली तशी कामाला लागली. सकाळी दार उघडावं तर अंगणात कुणीतरी बाप्या पालथा पडलेलाच. सरूबाई पोरीला बगलेत धरून त्याच्या कमरेवर उभी करायची, पोरगी डावा पाय फिरवायची, खालून 'आई गं' आणि आणखी कसले कसले आवाज यायचे, पोरगी खिदळायची. मिशीवाले पैलवान, शाळेचे गुरुजी, एकदा तर एक बंदोबस्ताला आलेला हवालदार, सगळे तिच्या पायाखालून गेले. मोबदला घ्यायचा नाही, घेतला तर पायाचा गुण जातो, असा रिवाज. तेव्हा एखादा भोपळा किंवा वाटीभर शेंगदाणे कुणी 'विसरून' ठेवून गेलं तर सरूबाई ते बघायची नाही, नुसतं आत उचलून ठेवायची. आभाळ गडगडायला लागलं की मात्र हीच पोरगी बाजेखाली. पायाळूवर वीज ओढली जाते म्हणतात. गावाची पाठ सांभाळणारी पोर पोत्याखाली मुसमुसत पडायची, आणि तेवढ्यात कुणाची कंबर धरली तर त्यानं आभाळ निवळेपर्यंत थांबायचं.

अवसरीहून रामनाथतात्या आपल्या गोरखसाठी तिला बघायला आले तेव्हा त्यांनी आधी पाय पाहिले आणि मग चेहरा. रामनाथतात्या म्हणजे गावातला ताठ माणूस. कपडे परीटघडीचे, टोपी कडक, आणि बसणं असं की भिंतीला टेकलेले कुणी पाहिलेले नाहीत. देवळाच्या कमिटीत, सोसायटीत, भावकीच्या भांडणात, सगळीकडं त्यांचा शब्द शेवटचा. पायाळू सून घरात आली आणि त्यांच्या ओट्याला नवी कळा आली. मंचरपासून माणसं यायची. मंचरचे कापडवाले केवलचंद शेटजीसुद्धा एकदा गाडीतून वाकडे उतरले आणि सरळ होऊन गेले. तात्या बाजूला खुर्ची टाकून बसायचे, कुणाची उसण कशानं भरली याची चौकशी करायचे, चहा सांगायचे. पाय नूतनचा, पण उतारा तात्यांनीच दिल्यासारखं वाटायचं. नूतन पदर दातांत धरून, मान खाली घालून पाय फिरवायची आणि आत निघून जायची.

गंमत अशी की त्या घरात सगळ्यात जास्त दुखणारी पाठ तात्यांचीच होती. बैल विकून ट्रॅक्टर आणला तेव्हापासून कंबर धरली होती. डॉक्टरांनी दिलेला पट्टा ते शर्टाच्या आत बांधायचे. बाहेरून जो ताठपणा दिसायचा त्यातला अर्धा पट्ट्याचा होता. रात्री त्यांची बायको लंकाबाई तेल लावून द्यायची, आणि हे तिनं कुणाला सांगायचं नाही असं ठरलेलं होतं. तिनं एकदाच धीर करून म्हटलं होतं की गावाला पुरतो तो पाय घरात आहे, घ्या की लावून. तात्यांनी ताट सरकवलं. सुनेचा पाय सासऱ्याच्या पाठीला? त्या घरात नूतन त्यांच्यापुढं खाटेवर बसत नव्हती, त्यांच्याशी बोलायचं तर भिंतीला सांगितल्यासारखं बोलायची. लग्नाला वीसेक वर्षं होत आली तरी तिनं सासऱ्याचा चेहरा नीट पाहिलेला नव्हता. पाय मात्र रोजचे ओळखीचे. उजव्या टाचेला उभी खोल भेग, डाव्या अंगठ्याचं नख काळं पडलेलं.

मग केवलचंद शेटजींचा नातू पारस याच्या डोक्यात स्पा आला. नारायणगावच्या पुढं खोडदच्या वाटेला त्यांची जागा होती. तिथं त्यानं पुण्याच्या लोकांसाठी पोहायचा तलाव, हिरवळ आणि एका अंगाला लाकडी जमिनीच्या तीन खोल्या बांधल्या. सकाळी यायचं, दिवसभर अंग दाबून घ्यायचं, झोपायचं, गवतासारखा लागणारा चहा प्यायचा आणि संध्याकाळी ताजंतवानं होऊन पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये जाऊन पुन्हा आखडायचं. यात शिआत्सू नावाचा प्रकार होता. शिआत्सू म्हणजे जपान्यांची दाबायची विद्या. तेल नाही, चोळणं नाही. गिऱ्हाईक अंगभर सैल सुती कपडे घालून जमिनीवरच्या जाड गादीवर पालथं पडतं, आणि दाबणारी बाई अंगठ्यानं, तळव्यानं, कोपरानं, गुडघ्यानं त्याच्या अंगावर ठरलेल्या जागी आपला भार टाकत जाते. गिऱ्हाईकानं श्वास सोडला की भार द्यायचा, श्वास घेतला की उचलायचा. शेवटी पायानंही दाबायचं असतं.

शिकवायला पुण्याच्या मॅडम आल्या, आणि त्या पायापाशी अडल्या. भोवतालच्या गावांतल्या पोरी गोळा केल्या होत्या. त्यातली वृषाली तर हुशार, अंगठा बरोबर पडायचा. पण माणसाला पाय लागला की हिचा हात आपोआप त्याला लागून स्वतःच्या छातीला जायचा. जन्माची सवय, पाय लागला की नमस्कार. दाबायचं, नमस्कार करायचा, पुन्हा दाबायचं. पाठीवर असे मोजून नमस्कार पडल्यावर गिऱ्हाईक झोपणार कसं? मॅडमनी कपाळाला हात लावला. तेव्हा पारसला आजोबांची उसण आठवली. तो आजीला सोबत घेऊन अवसरीला आला, तात्यांच्या पाया पडला आणि म्हणाला, घरची बाई समजून नेतो. तात्यांनी जरा वेळ घेतला, कारण वेळ घेतल्याशिवाय ते कशालाच हो म्हणत नसत. मग म्हणाले, "पाय त्योच हाय. गादी तेवढी मऊ."

नूतनला ते काम आवडलं. आवडलं हा शब्द ती वापरायची नाही, बरं आहे म्हणायची. पण सकाळी भाकऱ्या उरकून यष्टी पकडताना तिची पावलं जरा जास्त उचलायची, हे शेजारणींनी तेव्हाच हेरलं होतं आणि पुढं पुरावा म्हणून वापरलं. खोलीत बासरी लावलेली असायची. पुण्याच्या मोठ्या हुद्द्याच्या बाया, डॉक्टर, कॉम्प्युटरवाले येऊन पडायचे. पहिली पाच मिनिटं दात आवळून, मग श्वास सैल व्हायचा, आणि श्वासाबरोबर बोलणंही सैल सुटायचं. नणंदेनं काय केलं, साहेब कसा आहे, नवरा कुठं जातो, सगळं उशीत तोंड खुपसून. गादीवरचं गादीवर ठेवायचं, ही मॅडमची पहिली शिकवण. नूतननं अर्ध्या पुण्याची लफडी पोटात ठेवली. असं भांडार हाती असताना एक शब्द बाहेर न काढणारी बाई आपल्या तालुक्यात दुसरी सापडायची नाही, आणि तिच्याच नावानं कुजबूज उठली.

एका गुरुवारी दुपारी ती खोलीत शिरली तर गादीवर एक माणूस पालथा पडलेला. डोक्याला, तोंडाला उपरणं गुंडाळलेलं. तिनं रिवाजाप्रमाणं पायथ्याशी बसून तळव्यांना हात लावायला घेतला आणि हात तसाच राहिला. उजव्या टाचेला उभी खोल भेग, डाव्या अंगठ्याचं नख काळं. ती उठून भिंतीला टेकली. पदर शोधायला हात डोक्याकडं गेला, पण स्पाच्या गणवेशाला पदर नव्हता.

"हितं कुणी सासरा न्हाई," उशीतून आवाज आला. "मी गिऱ्हाईक हाय. पावती फाडलीय. तू तुझं काम कर."

काय करावं? दार उघडून पळावं तर बाहेर विचारणार. गिऱ्हाईक आहे तर गिऱ्हाईक, असं मनाशी म्हणून तिनं डोळे मिटले आणि मणक्याच्या दोन्ही बाजूंना तळवे ठेवले. दोन दोर पीळ घालून आवळल्यासारखी पाठ होती. म्हातारा श्वास धरून पडला होता. "श्वास सोडा," नूतन म्हणाली. आयुष्यात तिनं सासऱ्याला केलेला तो पहिला हुकूम. तात्यांनी तो मानला. अर्ध्या तासानं ते घोरायला लागले.

घरी लंकाबाईला सांगितलं होतं, नारायणगावला दत्ताला जाऊन येतो. मग दर गुरुवारी दत्त. संध्याकाळी घरी सगळं होतं तसंच. नूतन मान खाली घालून वाढायची, तात्या भिंतीकडं बघून जेवायचे. गुरुवारी फक्त एक भाकरी जास्त मागायचे. खोलीत ते एक शब्द बोलायचे नाहीत. पुढं एकदा मात्र उशीतून म्हणाले, "ते पायाचं बी असतंय न्हवं हितं?"

"असतंय."

"मग राहिलंय कशाला."

ती भिंतीवरच्या दांडीला धरून उभी राहिली. गावातल्या निम्म्या पुरुषांच्या पाठीवर ज्या पायाला काही वाटलं नव्हतं, तो पाय तिनं त्या दिवशी आधी चादरीला पुसला. तिनं टेकवला. भार दिला. तात्या नुसते "हां" म्हणाले. नंतर वृषाली चादरी बदलायला आली तेव्हा उशी ओली लागली. घाम असंल, असं म्हणून तिनं खोळ काढली. घरात त्या माणसाबद्दल नूतनच्या मनात भीतीशिवाय कधी काही नव्हतं. त्या दिवशी यष्टीत खिडकीशी बसून तिला त्यांची कीव आली, आणि कीव येऊ लागली म्हणजे माया फार लांब राहत नाही. इथंच बिचारी फसली.

गोरख टोमॅटोची पिकअप चालवायचा. नारायणगावच्या बाजारात क्रेट उतरवताना एकानं मान वाकडी करून म्हटलं, "गोरखभाऊ, आमची बी शीर धरलीय राव. वहिनींकडं गुरुवारचा नंबर लागंल का?" बाकीचे क्रेटच्या आड तोंड लपवून हसले. गोरख तसा वाईट माणूस नाही. बायकोवर त्यानं कधी हात उचलला नव्हता, तिच्या पगारातला रुपया कधी स्वतःवर उडवला नव्हता. पण लोकांच्या हसण्याला तो लहानपणापासून घाबरायचा, बापाचाच मुलगा. घरी येऊन त्यानं विचारलं, तोंड बांधून येतो तो कोण. नूतन म्हणाली, तुम्ही समजता तसं तिथं काही नाही, गिऱ्हाईकाचं नाव मात्र सांगायचं नसतं. तिला वाटलं, मामंजी स्वतः सांगतील. आज नाही तर उद्या सांगतील. ते शेजारच्याच खोलीत होते, सगळं ऐकू जात होतं.

गोरखनं पारसला गाठलं. पारसला गिऱ्हाईक कोण ते चांगलंच ठाऊक होतं, पहिल्या दिवशी तो काउंटरवरून उठून तात्यांच्या पाया पडला होता. पण अवसरीतल्या निम्म्या लग्नांचा बस्ता त्यांच्याच दुकानात बांधला जायचा, आणि बस्ता कुठं बांधायचा हे भावकीत तात्या सांगायचे. तेव्हा पारसला नियम आठवला. गिऱ्हाईकाचं नाव सांगता येत नाही, तो म्हणाला, आणि एवढं बोलून त्यानं कुजबुजीवर शिक्का मारून दिला.

मग बैठक बसली. ओट्यावर नाही, आतल्या खोलीत, दार लोटून. भावकीतली चार माणसं आणि गोरखचा मामा. तात्या खाटेवर, नेहमीसारखे ताठ. लंकाबाई चुलीकडच्या दारात, आणि तिच्यामागं नूतनची लेक अश्विनी, अवसरी खुर्दच्या इंजिनिअरिंग कॉलेजात पहिल्या वर्षाला. मामानं घसा साफ करून बरंच काही सांगितलं. घराण्याचं नाव, पोरीचं पुढं लग्न, लोकांची तोंडं. शेवटी म्हणाला, "त्या माणसाचं नाव सांग, बाई. एवढं सांगितलंस की आमी त्याचं बघून घेऊ. न्हाईतर मग तू या घरात न्हाईस."

म्हणजे घर राहायचं की जायचं ते एका नावावर येऊन ठेपलं. नूतन थांबली. सगळ्यांना वाटलं ती लाजते आहे. ती सासऱ्याला वेळ देत होती. मग तिनं मान वर केली आणि त्या घरात पहिल्यांदा तात्यांच्या चेहऱ्याकडं सरळ पाहिलं. नाक अगदी गोरखसारखं होतं. ते पंख्याकडं बघत होते.

"मामंजी येतात," ती म्हणाली. "त्यांची पाठ दुखती. त्यांनाच इचारा."

कुणीतरी फुसकन हसलं आणि लगेच गप्प झालं. गोरख उभा राहिला. मामानं तात्यांकडं पाहिलं, भावकीनं पाहिलं, अश्विनीनं आजीच्या खांद्यावरून पाहिलं. एक 'हो' पुरत होता. पाठ दुखते, सुनेकडून दाबून घेतली, काय झालं मग? चार दिवस गाव हसलं असतं. तात्यांनी टोपी काढली, झटकली, परत घातली.

"माझी पाठ?" ते म्हणाले. "माझी पाठ कधी दुखताना कुणी बघितली का?"

कुणी बघितली नव्हती. पट्टा शर्टाच्या आत होता. एका माणसानं बघितली होती. लंकाबाईनं डोळ्यांना पदर लावला आणि पदराआडून म्हणाली, "कुठं फेडशील गं हे?" हे ती नूतनला म्हणाली.

बिल्डर कबूल केला असता तर कदाचित नूतनला माफी मिळाली असती. सासऱ्यावर आळ घेतला, याला माफी नव्हती. पोरीचं डोकं ठिकाणावर नाही, असा निवाडा तात्यांनीच दिला, अगदी मऊ आवाजात. चार दिवस खोडदला राहू दे म्हणाले. गोरखनं तिला पिकअपमधून पोचवलं, रिकाम्या क्रेटच्या पुढं बसवून, आणि वाटेत पेट्रोलपंपावर हवा भरायला थांबला तेवढंच काय ते बोलला, तेही हवा भरणाऱ्याशी.

खोडदला सरूबाईनं सगळं ऐकून घेतलं. नूतनला वाटलं आई तरी आपली बाजू घेईल. म्हातारीनं गुडघ्यावर हात आपटले. "मला वाटलं बिल्डरच असंल. बिल्डर असता तर बरं, पोरी. सासऱ्याच्या अंगावर पाय टाकलास?" ती दोन दिवस लेकीशी बोलली नाही. लहानपणी भरायचं त्या अंगणात आता कुणी येईना. उसण अजूनही भरायची, पण लोक आता मंचरला जाऊन इंजेक्शन घ्यायचे आणि वाकडेच परत यायचे.

चार दिवस संपेनात. स्पा खोडदहून जवळ पडायचा, नूतन जात राहिली. पारसनं तिला फक्त बायकांची गिऱ्हाइकं द्यायला सुरुवात केली, तुमच्याच भल्यासाठी म्हणाला. अश्विनी कॉलेज जवळ म्हणून अवसरीलाच राहिली. तिचा फोन यायचा. "आई, हळदीचा डबा कुठं ठेवलाय?" नूतन सांगायची, वरच्या फळीवर, डाव्या हाताला. मग थांबायची, पुढं काही येतंय का. "बरं," म्हणून फोन बंद व्हायचा. एकदा पापडाचा साचा कुठं आहे विचारायला आला. घरातल्या वस्तू संपत आल्या की हे फोनही संपतील, असं तिला वाटायला लागलं. तिला परत जायचं होतं. त्यासाठी एका माणसानं एक वाक्य बोलायचं होतं, आणि तो माणूस रोज पारावर बसून दुनियेतल्या बाकी सगळ्या गोष्टींवर बोलत होता.

पण पाठ काही कुणाचं ऐकत नाही. बैठकीनंतर तात्यांचे गुरुवार बंद पडले, दोर परत आवळले. खाटेवरून उठताना ते भिंत धरायला लागले, आणि ते कुणाच्या नजरेत येण्याआधी पुन्हा एका गुरुवारी उपरणं गुंडाळून स्पाच्या दारात उभे राहिले. पारसला फक्त बायकांचा नियम गिळावा लागला. नूतन खोलीत शिरली. भेग, काळं नख.

तिला वाटलं, माफी मागायला आलेत. आपणही वेडेच, आपल्यालाही तेच वाटलं असतं.

ती पायथ्याशी बसली नाही, डोक्याशी बसली. "मामंजी, ह्यांच्यापुढं एकदा बोलाल का? पारावर नको. फक्त ह्यांच्यापुढं आन अश्विनीपुढं."

तात्यांनी तोंडावरचं उपरणं आणखी आवळलं. "काय बोलू? सुनेच्या पायाखाली पडत होतो म्हनू? लोक माझ्या दहाव्याला बी हसतील."

"आन माझं काय?"

"तुजं काय. बाईमाणसाचं दोन वर्सांत लोक इसरत्यात." आणि मग, जणू तेच तिच्या प्रश्नाचं उत्तर होतं, "जरा उजव्या अंगाला दाब. तिथं लई धरलंय."

हातांना सवय वाईट. समोर पाठ आली की ते आपोआप पडतात. नूतननं तळवे ठेवले. श्वास सुटला, दाबलं. श्वास सुटला, दाबलं. म्हातारा हळूहळू गादीत उतरत गेला. तिचं मन मात्र भागूवर गेलं होतं. भागू म्हणजे वडापची जीप चालवणारा. कुजबूज त्यानंच काढली असं सगळं गाव म्हणायचं, आणि त्यानंही तो मान कधी नाकारला नव्हता. ती दाबता दाबता स्वतःशीच बोलली की भागूनं माझं नाव का काढावं, मी त्याच्या बापाची उसण किती वेळा उतरवली.

"भागूनं न्हाई काढलं," उशीतून आवाज आला. सैल, झोपाळलेला, त्या गादीवर सगळ्यांचा होतो तसा. "भागू नुसता म्हनला, पारसच्या त्या जागेत कुणी तोंड बांधून शिरताना दिसला. म्हनला, चाल वळखीची वाटली. सगळे इचार करायला लागले. आता हा नाव घेतोय का काय, असं झालं मला. मग मीच म्हनलं, आमची सून हाय तिथं, तिच्याकडं येतो म्हनं कुनीतरी गुरुवारचा. पुन्याचा. तवा समद्यांचं ध्यान तिकडं गेलं."

नूतनचे हात पाठीवर होते. तिनं ते उचलले. बासरी चालू होती.

तात्यांनी मान हलवली, दाब का थांबला म्हणून. ती उभी राहिली होती. त्या पाठीवर आत्ता पूर्ण अंगाचा भार घेऊन उभं राहता आलं असतं, हे तिच्या मनात आलं नाही असं नाही. "मामंजी," ती म्हणाली, "दुसरी पोरगी पाठवते. वृषाली. हात चांगलाय तिचा. पायाळू न्हाई, पर चालंल तुमाला."

वृषालीनं तास पुरा केला. शेवटी पाय टेकवला आणि जुन्या सवयीनं लगेच हात लावून नमस्कार केला. तात्यांना वाटलं तोही त्या जपानी प्रकारातलाच भाग असेल. ते सरळ होऊन बाहेर पडले, यष्टीत बसले, संध्याकाळी पारावर नेहमीच्या जागी, न टेकता, बसले. त्या दिवशी चर्चा कांद्याची होती.

नूतननं गोरखला फोन केला. ऐकलेलं सगळं जसंच्या तसं सांगितलं. तो म्हणाला, बाप म्हातारा झालाय, आता हे उकरून काय करायचं. त्याला खरं वाटलं होतं की नाही, हे तिनं विचारलं नाही. तिनं नारायणगावात एक खोली घेतली. अवसरीच्या ओट्यावरची खुर्ची तात्यांनी आत नेऊन ठेवली. गावानं आता दुसरा विषय घेतलाय, त्यात एक ग्रामसेवक आणि एक शिलाई मशीन आहे, पण तो निराळा.

गुरुवारी तोंड बांधून येणारा माणूस रामनाथ होता, नूतनचा सासरा. त्याची कंबर दुखत होती. त्याच्या अंगावर सगळे कपडे होते. नूतनचं नाव पारावर पहिल्यांदा त्यानंच घेतलं.